चोरबाहुली

मनसर सोडलं की जबलपूरच्या वाटेवर
चोरबाहुली लागते.
लहानपणी मला वाटायचं,
कोणा चोराच्या पोरीची बाहुली
राहिली असेल इथे, सागाखाली, घाईघाईत.
बाबा म्हणायचे, बाहुली म्हणजे डोळ्यातली, बे.

रस्ता तोच आहे. फक्त जाड होत गेला.
डांबराखाली मुरूम, मुरुमाखाली बैलगाड्यांची चाकोरी,
तिच्याखाली टापा,
आणि त्याहून खाली, नाव न विचारता पुरलेले वाटसरू.
तीन मुक्काम गोड बोलत सोबत चालायचं,
चौथ्या मुक्कामाला कोणी म्हणायचं, तंबाखू काढा,
आणि मागचा रुमाल काढायचा.
पेंढारी भाले घेऊन आले, आडातला दोरसुद्धा नेला.
नागपुरातून घोडे निघाले ते थेट बंगालपर्यंत;
तिकडे लेकरं भीतीने झोपायची म्हणे.
आमच्या पुस्तकात ती मोहीम होती,
दोन मार्कांना.
मग गोऱ्यांनी झिरो माईलला दगड रोवला,
कुठून काय किती लांब, सगळं मोजून घेतलं.
लुटायचं असलं का आधी अंतर लागते, बाबा म्हणायचे.

एक्क्याऐंशीचा फेब्रुवारी. मृग बहाराचा माल,
काटोलहून भरलेला. झिबल ठवकर, डायवर.
वळणावर सागाचं खोड आडवं.
सहा जण, दुपट्ट्यात गुंडाळलेले,
दिसत होत्या त्या फक्त बाहुल्या.
खिशात बेचाळीस रुपये निघाले. ते हसले.
मग पेट्या उतरवल्या, चाळीस,
कॉटन मार्केटच्या हमालांपेक्षा जपून,
एकाही फळाला धक्का नाही.
त्यातल्या एकाने दुपट्टा हनुवटीखाली ओढला, खायला.
पोट्टाच होता, मिसरूडही नाही फुटलेलं.
अर्धं संत्रं बाबांच्या हातावर ठेवून म्हणाला,
घ्या काका, तुमचाच माल हाय.
बाबांनी खाल्लं.
गोड होतं, म्हणायचे. काय करता.

चोरी झाली की जीप आधी बेड्यावर जायची,
मग चोरीच्या जागी.
ठाण्याच्या अंगणात अकरा पारधी उभे होते रांगेत.
साहेब म्हणाले, ठवकर, बोट दाखवा,
कोणाकडंही दाखवा,
त्याशिवाय तुमच्या शेठला विमा नाही भेटत.
आणि शेठने त्याच आठवड्यात
माझ्या जन्माच्या खर्चाला तीनशे दिले होते.

चौथा माणूस चाळिशीचा होता. कानाजवळ पांढरे केस.
तो एकटाच समोर बघत होता.
म्हणून तोच.

सुरमल भोसले.
हवालदार नाव लिहिताना थांबून हसला:
राजाचं आडनाव लावते, पाहा.
तीन वर्षं.

त्यानंतर बाबांनी चोरबाहुलीला कधी हॉर्न दिला नाही.
गाडी हळू करायचे, पुलाच्या कठड्यावर
एक संत्रं ठेवायचे, सोललेलं.
माकडं खातात ना ते उस्ताद, क्लीनर म्हणायचा.
खाऊ दे.

मी आता याच रस्त्यावर टोलनाक्याला असतो.
कॅमेरा नंबर वाचतो, खात्यातून पैसे जातात,
दांडा वर होतो.
कोणी खोड आडवं टाकत नाही, कोणी काही सोलून देत नाही.
रात्रपाळीला कधी एखादा ट्रक संत्र्यांचा येतो
आणि वास केबिनमध्ये बराच वेळ राहतो.

मागच्या दिवाळीआधी बाबांचा मोतीबिंदू काढला,
मेडिकलला. पट्टी सोडल्यावर
डॉक्टरीणबाईंनी हात समोर धरला.
बाबा, किती बोटं?

बाबा त्या हाताकडे बघतच राहिले.
मागे भिंत होती, हिरवी, ओल आलेली,
आणि बाकावर ओळीने बसलेले
डोळ्यांवर पट्ट्या बांधलेले लोक.

एकच होतं, बाई, म्हणाले.

त्यांनी कागदावर बरोबरची खूण केली
आणि पुढच्याला बोलावलं.